मुरुडशेंगेचं बी आणि आईचा पापडखार

त्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरावर आईची निम्मीच मालकी उरली होती. चुलीच्या एका अंगाला तिची परात, पीठ, मिठाची बरणी. दुसऱ्या अंगाला बाबांचे डबे, पत्र्याचे, डालड्याचे, मुलांच्या दुधाच्या पावडरीचे, प्रत्येकात वेगवेगळं रानातलं बी. तरवडाचं बी चपटं आणि गुळगुळीत, बोराच्या आठोळ्या हाडासारख्या टणक, हिवराचं बी तपकिरी. ते बी बकऱ्यांच्या वाड्यातून झाडून आणलेलं असायचं, त्यामुळे त्याला लेंड्यांचा वास यायचा. आई रोज सकाळी कळण्याची भाकर थापता थापता एकदा तरी म्हणायची, "माह्या सैपाकघरात लेंड्या आनल्या या मानसानं. उद्या बकरीच आनून बसवा चुलीपाशी." बाबा ठेचा-भाकर खात खाली मान घालून हसायचे. त्यांना उत्तर द्यायचं नसलं की ते कांदा फोडायला घ्यायचे.

आम्ही भाजीपाल्याचे शेतकरी. देऊळघाटाच्या पलीकडे आमचं गाव, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, आणि वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची हे आमचं सगळं आयुष्य. बाबांच्या हातचं मिरचीचं रोप आजूबाजूच्या गावांतली माणसं येऊन घेऊन जात. त्यामुळे गावाच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, बरडावर झाडोरा उभा करायचा असं ठरलं, तेव्हा रोपं तयार करायचं काम बाबांकडेच आलं. त्या बरडावर आधी एकदा बाहेरून आणलेली सरळसोट झाडं लावून झाली होती. ती दोन वर्षांत वाळली आणि सरपणाला गेली. या वेळी सरकारी योजनेचे एक साहेब आले आणि म्हणाले, इथं पूर्वी जी झुडपं होती तीच लावा, तीच टिकतील. सगळ्यांना ते पटलं. अडचण एवढीच होती की त्या झुडपांचं बी उगवायलाच तयार नव्हतं.

ही गोष्ट बाबांना फार लागली. मिरचीचं बी टाकलं की आठवड्यात वाफा हिरवा दिसतो, मेथी तर तीन दिवसांत डोकं वर काढते. बी म्हणजे माती आणि पाणी मिळालं की उठणारी वस्तू, अशी त्यांची समजूत होती आणि तिच्यावर आमचं घर चाललं होतं. तरवडाचं बी मात्र महिनाभर ओल्या मातीत राहून जसंच्या तसं बाहेर निघालं, धुऊन पुसून ठेवल्यासारखं. बाबांनी ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. "मेलं हाय का झोपलं हाय, काही समजत नाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असा गोंधळ मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्याचं उत्तर रुख्माआत्याकडे होतं. ती आमची नात्यातली नव्हती. आमच्याच गल्लीत राहायची, नवरा लवकर गेलेला, मुलगी सुलतानपूरला दिलेली. पंधरा-सोळा बकऱ्या हाच तिचा संसार. बाबा तिला बहीण मानायचे म्हणून ती आमची आत्या. ती अंगणात येऊन उकिडवी बसली, बाबांच्या हातातलं बी दातांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, हे बी येडं नाई तुह्या मेथीसारखं. एका पान्याले फसत नाई ते. त्याचं कवाड लावेल असते. कोनी तरी खटका काढा लागते." खटका कसा काढायचा हेही तिनंच दाखवलं. हिवराच्या शेंगा बकऱ्या खातात आणि वाड्यात बसून रवंथ करताना बी बाहेर टाकतात, ते झाडून घ्यायचं. त्याचं कवाड बकरीनं आधीच ढिलं केलेलं असतं. बोराची आठोळी पाट्यावर ठेवून हलक्या हातानं फोडायची, आतलं बी चेंगरलं तर गेलं. तरवडाचं बी खडीबरोबर डब्यात घालून हलवायचं, म्हणजे साल खरवडली जाते. महिनाभर आमच्या घरात दुपारच्या वेळी हाच आवाज होता: मी ओसरीवर बसून डबा हलवतोय, खडखड, खडखड, आणि आत आईची पाट्यावर ठकठक. आजही कुठं पत्र्यावर गारांचा आवाज आला की माझे दंड दुखायला लागतात.

मी घरी का होतो हेही सांगून टाकतो. बारावीला रसायनशास्त्रात मी दोनदा नापास झालो होतो. गावात विज्ञान शाखेला गेलेला मी एकटाच, त्यामुळे नापास झालेलाही मी एकटाच. सकाळी बुलडाण्याच्या बाजाराला जाताना पूर्वी बाबा मला उठवायचे ते आता उठवेनासे झाले. बियांचं काम आलं तेव्हा त्यांनी ते माझ्यावर सोपवलं. "तुले शास्त्रातलं समजते," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मला एक तरी काम जमलेलं त्यांना दाखवायचं होतं.

गावात या सगळ्याला विरोधही होता, आणि त्याचं टोक आत्याच्या बकऱ्यांवर होतं. बरडावर झाडं लावायची तर चराई बंद करावी लागणार होती. या कामासाठी गावानं नेमलेल्या समितीतले दिनकरराव, गावातले मोठे जमीनदार, म्हणाले की आधी त्या बाईच्या बकऱ्या गावाबाहेर काढा. बाबांनी तिची बाजू घेतली. बरडाचा खालचा पट्टा तिला चारायला ठेवायचा, वर न्यायच्या नाहीत, आणि त्या बदल्यात तिनं बी गोळा करून द्यायचं, असं त्यांनी समितीकडून कबूल करून घेतलं. "रुख्माचा शब्द तो माहा शब्द," असं ते सगळ्यांसमोर बोलले. म्हणजे बी उगवलं तर आत्याच्या बकऱ्या राहणार होत्या. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सगळ्यांत मोलाचं बी मुरुडशेंगेचं. पीळ घातलेल्या दोरीसारखी ही शेंग बाळगुटीत उगाळतात म्हणून घरोघर ठाऊक, पण आमच्या बरडावर तिची झुडपं एकाच घळीत उरली होती. पूर्वी सगळा उतार तिनंच धरून ठेवला होता, असं आत्या सांगायची. उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात रस्त्याच्या कामासाठी घळीतला मुरूम काढायला ट्रॅक्टर लागले आणि बघता बघता झुडपं गेली. त्याआधी आत्यानं काठीला आकडी बांधून जेवढ्या निघतील तेवढ्या शेंगा उतरवल्या, घराच्या पत्र्यावर वाळवल्या, फोडल्या, आणि पायलीभर बी एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून बाबांच्या हातात दिलं. "हे एवढंच हाय," ती म्हणाली. "आता मागून भेटनार नाई."

या बियाला गरम पाण्याचा इलाज होता. पाणी उकळायचं, भांडं खाली उतरवायचं, वाफ थोडी बसली की बी टाकायचं आणि ते पाण्यातच गार होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी जे दाणे फुगतील ते पेरायचे, जे फुगणार नाहीत त्यांना पुन्हा तोच इलाज. बाबांनी मला हे दोनदा सांगितलं. "घाई करू नको. आठ दिवस लागले तरी लागू दे." मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर मूठभर दाणे फुगले होते, बाकी सगळे मण्यांसारखे टणक. ते मूठभर मी वेचून ताटलीत काढले आणि उरलेल्यांना पुन्हा पाणी दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यातला एकही फुगला नाही.

त्याच दिवशी साहेब येणार होते. रोपांच्या पिशव्या मातीनं भरून रांगेत लावलेल्या, पेरायला बायका बोलावलेल्या, बाबा बाजारातून साहेबांना बरोबर घेऊन येणार. आणि माझ्याकडे दाखवायला ताटलीतली एक मूठ. आई शेजारच्या लग्नाच्या पापडांना गेली होती. चुलीवरून तिनं बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, उसळीचं पातेलं उतरवून ठेवलं होतं. जुनी बरबटी असली की काही दाणे कितीही शिजवले तरी शिजत नाहीत, आई त्यांना कुचर म्हणायची, आणि अशा वेळी ती आधणात चिमूटभर पापडखार टाकायची. मग ते दाणेही मेणासारखे मऊ होत. ते पातेलं माझ्यासमोर होतं. पापडखाराचा पुडा फळीवर होता. आणि माझ्या डोक्यात रसायनशास्त्राचं जे काही शिल्लक होतं ते एकदम जागं झालं. खार म्हणजे अल्कली, अल्कलीनं कठीण साल नरम होते. मला वाटलं, हे साहेबांनासुद्धा सुचलेलं नाही.

मी पाणी उकळलं, त्यात खार टाकला, चिमूटभर नाही, चांगला मूठभर, आणि बी टाकून भांडं चुलीवरच ठेवलं. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, वर फेस आला. थोड्या वेळानं दाणे फुगायला लागले. सगळे. एकही मागं राहिला नाही. मला झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच आनंदाची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. मी भांडं उतरवलं, थंड पाण्यानं बी दोनदा धुतलं आणि एक दाणा बोटांत धरला. तो दबला. शिजलेल्या डाळीसारखा दबला आणि बोटाला चिकट पांढरा गर लागला. मी बोट लुंगीला पुसलं.

त्या क्षणी मला कळलं होतं का? हा प्रश्न मी इतक्या वेळा उलटसुलट केला आहे की आता त्याचं खरं उत्तर झिजून गेलं असावं. कधी वाटतं, कळलं होतं आणि मी ते मनावर घेतलं नाही. कधी वाटतं, भिजलेलं बी असंच मऊ असणार असं मला प्रामाणिकपणे वाटलं. आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यापाशी मी नेहमी अडकतो. ती ताटलीतली मूठ. ती बिनखाराची, नीट फुगलेली होती. पेरताना सगळं बी एकाच टोपल्यात होतं हे मला आठवतं. पण ती मूठ मी नंतर टोपल्यात मिसळली, की घाईघाईत उकळत्या भांड्यातच टाकली होती? डोळे मिटले की मला दोन्ही दिसतं. ताटली उचललेला हात दिसतो, ती कुठं रिकामी केली ते दिसत नाही.

साहेब आले. फुगलेल्या बियांचं टोपलं पाहून त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेसाठी मी वर्षभर थांबलो होतो. पेरायला बसलेल्या बायकांत आत्या होती. तिनं एक दाणा उचलला, अंगठा आणि बोटात धरला, आणि माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "लई मऊ झालं बापू." मी म्हणालो, "पानी चांगलं लागलं आत्या." तिनं दाणा पिशवीत दाबला, वर माती लोटली आणि दुसरा उचलला.

संध्याकाळी आईनं पापडखाराचा पुडा हातात घेऊन हलवला. "उंदरं खार खाऊन राह्यले वाटते आता," ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही, आणि पुडा वरच्या फळीवर ठेवला. त्या रात्रीच्या जेवणात तिनं मला उसळ वाढली की नाही हे मला आठवत नाही, पण ते भांडं तिनं राख घेऊन बराच वेळ घासलं हे आठवतं.

तीन आठवड्यांत तरवड आला, हिवर आला, बोराची दोन-दोन पानं दिसली. आईसुद्धा पाणी घालताना त्यांच्याशी बोलायला लागली. मुरुडशेंगेच्या रांगा मात्र काळ्याच्या काळ्या राहिल्या. बाबा रोज सकाळी त्या रांगांपाशी आधी जायचे. महिना झाल्यावर त्यांनी एक पिशवी फाडली, मग दुसरी, मग पाच-सहा. आत काही नव्हतं, साल आणि थोडी काळी बुरशी. "सडलं," ते म्हणाले. ते माझ्याकडे वळून बघतील असं मला वाटलं, पण ते हात धुवायला विहिरीकडे गेले.

समिती शाळेच्या ओसरीवर बसली. दिनकररावांनी सुरुवातच तिथून केली. "बकऱ्यावालीपासून बी घेतलं, अजून काय होनार. तिले बरड हिरवं कायले पाह्यजे? हिरवं झालं का कुंपन होते, अन् कुंपन झालं का बकऱ्या बाहेर. तिनं मुद्दाम कच्चं बी आनलं." कोणीतरी म्हणालं, कच्चंच बी सडते, पक्कं सडत नाई. आत्या खांबाला टेकून बसली होती, पदर दातात. बाबांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता आणि आता सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी मला हाक मारली. मी पायरीवर बसलो होतो.

"गजू, म्या सांगतलं तसंच केलं न तू?"

"हाव," मी म्हणालो.

"पानी उतरवून मंग बी टाकलं?"

"हाव."

बाबांनी मान हलवली. "मंग बीच कच्चं असन," ते म्हणाले. हे ते आत्याकडे न बघता म्हणाले. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार, हिनं दाणा बोटात धरला होता, हिला माहीत आहे. तिनं पदर सोडला, जमिनीला हात टेकून उठली आणि म्हणाली, "असन बाबा. असन कच्चं." आणि गेली.

खालचा पट्टा बंद झाला. आत्यानं दोन बाजारांत बकऱ्या विकल्या, घराला कुलूप लावलं आणि सुलतानपूरला मुलीकडे गेली. निघताना ती आईला भेटून गेली. दोघी चुलीपाशी बसून बराच वेळ काहीतरी बोलल्या, आणि मी मागच्या दाराशी उभा राहून ऐकायचा प्रयत्न केला, पण त्या कोणाच्या तरी बाळंतपणाबद्दल बोलत होत्या. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिला माहीत होतं का, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

पुढं मी पास झालो, डी.एड. केलं, घाटाखाली जळगाव जामोदकडे शाळेत लागलो. सहावीच्या वर्गात ओल्या कापसावर मूग ठेवून अंकुर दाखवायचा प्रयोग मी दरवर्षी करतो. दरवर्षी चार-दोन मूग येत नाहीत आणि दरवर्षी कोणीतरी पोर विचारतं, सर, हे मेले का झोपले? मी सांगतो, थांबून बघू. आपण शास्त्राला धरून उत्तर दिलं असं मला वाटतं, आणि घरी येताना वाटतं की मी पुन्हा अंग काढून घेतलं. बरडावर आता तरवड फुलतो, हिवर डोक्याच्या वर गेला आहे, बोरं पोरं खातात. मुरुडशेंग नाही. त्या उतारावरची माती अजून ओढ्यात येते. बाबा आता ऐंशीच्या पुढचे आहेत, कानानं अधू. कोणी पाहुणा आला की त्याला बरड दाखवायला नेतात आणि त्या रिकाम्या उताराशी थांबून म्हणतात, "इथंही झालं असतं, पन बी कच्चं निघालं."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी हे माझ्या सुनेला सांगितलं. माझ्या घरात, माझ्या समोर, एका नव्या माणसाला. दुसऱ्या दिवशी मी सुलतानपूरची एसटी पकडली.

आत्या अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. खूप वाळली होती, पण हात चालू होते. तिची मुलगी शोभा चहा ठेवायला आत गेली. मी कसाबसा तयार करून आणलेलं बोलणं एका दमात बोलून टाकलं. "आत्या, ते बी कच्चं नव्हतं. म्या त्यात खार टाकून उकळलं होतं. सभेत म्या खोटं बोललो."

"कोनतं बी?"

"मुरुडशेंगेचं. घळीतलं."

शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. "ते तं कच्चंच होतं बापू," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट आठवत नसावं. पण तिला सगळं आठवत होतं. ट्रॅक्टर घळीत शिरले तेव्हा निम्म्या शेंगा हिरव्याच होत्या. सोडल्या असत्या तर मुरुमाखाली गेल्या असत्या. तिनं त्याही ओढून काढल्या, पत्र्यावर टाकल्या, उन्हानं काळ्या केल्या आणि पक्क्यांत मिसळल्या. "म्या म्हनलं, एवढ्यात दोन-चार तरी लागतीन. तुह्या बापाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं त्यानं घेतलंच नसतं."

"मंग पेरताना तू दाना दाबून पाह्यला. मऊ झालं म्हनली."

"कच्चं बी मऊच होते न."

"मले वाटलं तुले समजलं."

"मले वाटलं तुले समजलं," ती म्हणाली. "तू शास्त्र शिकेल. म्हनलं, हे पोरगं वळखते का काय कच्चं बी. मंग तुह्या बापानं इचारलं अन् तू हाव म्हनलास. तुनं नीट केलं, तं माह्यंच खोटं. ते तिथंच ठरलं माह्या मनात."

शोभानं चहा आणला. मी तो हातात धरून बसलो. इतकी वर्षं मी माझी चूक तिच्याकडे आणायची ठरवत होतो, आणि इथं ती तिच्या चुकीसकट बसली होती, आणि दोघांतली खरी कोणती हे आता कोणालाच ठरवता येणार नव्हतं. निम्मं बी पक्कं होतं हे तिनंच सांगितलं. ते मी शिजवलं. पण त्या मुठीचं काय, जी कदाचित शिजली नव्हती? ती उगवली नाही म्हणजे ती कच्ची होती का? पण फुगलेली होती. की तीही मी भांड्यात टाकली होती? मी हे सगळं तिला समजावून सांगायला लागलो, हातवारे करत, ताटली, भांडं, टोपलं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, रागानं नाही, रस्ता विचारावा तसं:

"मंग बकऱ्या काऊन इकल्या म्या?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तिनं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. "हे गावात सांग," ती म्हणाली. "मले सांगून काय करू. माह्यं नाव तिथं हाय."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उठून उभा राहिलो. झेंडावंदन झालं होतं, पोरांना जिलबी वाटून झाली होती, पाणीपट्टी आणि घरकुलांच्या याद्या चालल्या होत्या. दिनकरराव वारले त्याला खूप वर्षं झाली. सरपंच आता माझ्या मुलीच्या वयाची बाई आहे. मी म्हणालो, बरडावर मुरुडशेंगेचं बी का उगवलं नाही ते मला सांगायचं आहे. मागची दोन-तीन पोरं हसली. मी सगळं सांगितलं: खार, चूल, साहेब, सभेतलं खोटं. आत्याच्या हिरव्या शेंगांचं सांगितलं नाही. ते सांगायचा अधिकार मला होता की नव्हता, आणि न सांगणं म्हणजे पुन्हा तेच का, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि हे लिहितानाही कळत नाही. ती हे वाचणार नाही, पण तिच्या गावाकडचे कोणी वाचतील, तर आता तेही इथं लिहून ठेवलं आहे.

"रुख्माबाई कोन?" एकानं विचारलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ती बकऱ्यावाली, मारुतीमागचं कुलपाचं घर. ग्रामसेवक जरा अडचणीत आले. विषय पत्रिकेवर नव्हता. "सर, म्हणजे ठराव काय लिहायचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "लिहा. रुख्माबाईंनी आणून दिलेलं बी चांगलं होतं. ते गजाननच्या हातून खराब झालं."

त्यांनी तेवढं लिहिलं. "सूचक तुम्ही. अनुमोदक?"

ज्यांना आत्या आठवत होती ते जमिनीकडे बघत होते, ज्यांना आठवत नव्हती ते मोबाइलकडे. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, काठी दोन पायांमध्ये. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "काय म्हनते तो?" तो माणूस त्यांच्या कानाशी वाकला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या झेंड्याकडे बघत होते. मग त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला, आणि ग्रामसेवकांनी त्यांचं नाव लिहून होईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला. त्यांना नेमकं किती ऐकू आलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.